अळणी शिमगा

बाबा शिमग्याला यायचे ते होळीच्या होमाच्या आदल्या दिवशी, आणि पालखी परत देवळात गेली की दुसऱ्या दिवशीच्या एसटीने मुंबईला निघून जायचे. गणपतीतही तसंच. त्यामुळे लहानपणी बाबा म्हणजे माझ्या दृष्टीने वर्षातून दोनदा येणारा एक पाहुणा होता. खारी बिस्किटांचा पुडा घेऊन येणारा, कौतुकाने गालाला हात लावणारा, आणि आम्ही एकमेकांना जरा सरावतो न सरावतो तोच पायात चपला घालून उभा राहणारा. त्या वर्षी मात्र ते शिमग्याच्या कितीतरी आधी आले. काजूला नुकती हिरवी बोंडं धरली होती. मी आणि आई घरापुढच्या खळ्यात सुपं मांडून सांडगी मिरची वाळत घालत होतो. पाखाडीच्या पायऱ्यांवरून चपलांचा आवाज आला म्हणून वर पाहिलं, तर पुढे शेजारच्या वाडीतला एक चाकरमानी बाबांची ट्रंक खांद्यावर घेऊन उतरत होता, आणि मागून बाबा, एका हाताने दगडी गडग्याचा आधार घेत. आई उठून उभी राहिली. तिने ट्रंकेकडे पाहिलंच नाही. ती बाबांच्या हातांकडे पाहत होती. मुंबईहून आलेल्या बाबांचे हात रिकामे आहेत, असं आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

बाबा मुंबईत बसवर कंडक्टर होते. धावत्या बसमध्ये तिकीट फाडता फाडता त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दोन बाकांच्या मधल्या जागेत ते कोसळले. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की रक्तदाब फार वाढलाय, रजा घ्या आणि गावी जाऊन पडा. हे सगळं त्या वाडीतल्या माणसाने सांगितलं. बाबा ओटीवर भिंतीला पाठ टेकून बसले होते आणि दुसऱ्या कुणाबद्दल तरी बोलणं चाललंय अशा चेहऱ्याने ऐकत होते. रक्तदाब हा शब्द आमच्या घरात त्या दुपारी आला. काकीला तो कधीच जमला नाही. ती त्याला 'पेशर' म्हणायची, आणि बाबा घरात नसले की 'भावोजींचा पेशर कुठं गेला?' असंही विचारायची.

आमच्या घरात तेव्हा आई, मी, बाबांचा धाकटा भाऊ म्हणजे माझा काका, आणि काकी. काका-काकीला मूल नव्हतं. शेती काका बघायचा. काकी जयगडकडची, खाडीच्या तोंडावर वाढलेली. मोठ्या आवाजात बोलणारी, मोठ्याने हसणारी, आणि सुकटीशिवाय घास न उतरणारी. आई तिच्या अगदी उलट. आईचा आवाज घराबाहेर कुणी ऐकला असेल असं मला वाटत नाही. पाहुण्यांना चहा दिला तरी दाराआडून.

दुसऱ्या दिवशी काका बाबांना घेऊन रत्नागिरीला डॉक्टरांकडे गेला. आईही गेली आणि तिच्याबरोबर मी. डॉक्टर म्हातारे होते, जाड चष्म्याचे. त्यांनी बाबांच्या दंडाला पट्टा बांधला, पुन्हा सोडून पुन्हा बांधला, आणि मग बाबांशी न बोलता आईशी बोलायला लागले. मीठ बंद. लोणचं, पापड, खारा मासा, सगळं बंद. विडी बंद. रोज सकाळी एक पांढरी गोळी. सकाळी ऊन चढायच्या आत चालायचं, दुपारी सावलीत आडवं व्हायचं, रात्री लवकर झोपायचं. पाणी, ताक भरपूर. "आणि यांच्या डोक्याला ताप देऊ नका," असं म्हणून त्यांनी चष्मा काढला. आईने पदर सावरला, आणि मला आश्चर्य वाटलं, तिने विचारलं, "तो ताप कसा बंद करायचा?" डॉक्टर हसले. "त्याची गोळी माझ्याकडे नाही, बाई. ते तुम्हालाच घरात बघावं लागेल."

आता मला स्वतःला रोज सकाळी तीच एक पांढरी गोळी घ्यावी लागते. मी रत्नागिरीतच राहते आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून भाट्याच्या समुद्रकाठच्या पुळणीवर चालायला जाते. तिथे मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजणाऱ्या मुली माझ्या पुढून भराभर निघून जातात. त्यांच्यातली एक मला म्हणाली, "आजी, तुम्ही छान चालता, कुठे शिकलात?" तिला काय सांगणार? मी चालायला शिकले ती एका माणसाला चालवायला म्हणून.

मीठ बंद करायला डॉक्टरांनी नेमका मिठाचा हंगाम निवडला होता. फाल्गुन-चैत्रात आमच्याकडे पावसाळ्याची सगळी बेगमी व्हायची. पोह्याचे पापड, कोहळ्याचे सांडगे, ताकातल्या मिरच्या, बरणीत कैरीच्या फोडी, आणि काकीच्या माहेरून आलेली सुकट, बांगडे. घराच्या चारी बाजूंना काहीतरी खारट वाळत पडलेलं असायचं. त्या सगळ्याच्या मधोमध बाबा बसून अळणी पेज पीत. उकड्या तांदळाची पेज मिठाशिवाय कशी लागते हे ज्याने ती प्यायलीय त्यालाच कळेल. पहिले दोन दिवस आईने त्यांचं वेगळं रांधलं. जेवताना बाबा भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. तिसऱ्या दिवशी आईने अख्ख्या घराचं कालवण अळणी केलं.

काकीने पहिला घास घेतला आणि हात थांबवला. "वयनी, मीठ विसरलात."

"विसरले नाय," आई म्हणाली. "त्यांच्या पानाला वेगळा नको वाटला. ज्यांना हवा त्यांनी वरून घ्या."

मिठाचं भांडं मधेच ठेवलेलं होतं. काकाने त्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं आणि भात कालवायला लागला. काकीने सुस्कारा टाकला आणि तीही जेवली. दुपारी मात्र परसात चुलीच्या निखाऱ्यावर सुकट भाजल्याचा वास आला. मी मागच्या दाराने गेले तर काकी पाट घेऊन बसलेली. "ये, बस," ती कुजबुजली. "आपला पेशर चांगला हाय." आम्ही दोघींनी भाकरीबरोबर ती सुकट खाल्ली, आणि राखेने हात घासून घरात आलो. आईला वास आला नसेल असं नाही. हळूहळू आई अळणी जेवणातच चव शोधायला लागली. भरपूर लसूण, ओलं खोबरं, कैरीचा कीस, कालवणात दोन तिरफळं जास्त. ओल्या काजूगरांची उसळ तर तिने अशी केली की काकीने वाटी पुढे करून पुन्हा मागितली, आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन जीभ चावली.

चालायचं काम माझ्याकडे आलं. "वनू, तू जा बाबांच्या बरोबर," आई म्हणाली, "एकटे नकोत जायला." पहाटे उजाडता उजाडता आम्ही निघायचो. पाखाडी चढून वर, पऱ्याचा ओढा ओलांडून, मग सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर. पण गावात काम नसताना कुणी चालत नाही. पहिल्याच दिवशी विहिरीवरच्या बायकांनी विचारलं, "कुठं चाललात?" बाबांना उत्तर सुचेना. 'कुठंच नाय' असं सांगायची त्यांना लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून ते हातात कोयती घेऊन निघायला लागले, म्हणजे कुणाला वाटावं शेत भाजण्यासाठी फांद्यांचा कवळ तोडायला चाललेत. ती कोयती घेऊन आम्ही सड्यावर जायचो, आणि एक फांदीही न तोडता परत यायचो.

माझ्याशी काय बोलावं हे त्यांना कळत नव्हतं. एकदा त्यांनी विचारलं, "आता सातवीत ना तू?"

"आठवीत," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मला वाईट वाटलं होतं, पण त्यांच्याकडे पाहिल्यावर त्यांनाच जास्त वाटलंय असं दिसलं. ते चालायचे भराभर, कुणी मागून ढकलतंय तसे. मी "बाबा, हळू" म्हटलं की थांबायचे, आणि थांबले की पाय फाकवून उभे राहायचे, जमीन आता हलेल म्हणून. दुपारी मांडवाखाली त्यांचा डोळा लागला की झोपेत म्हणायचे, "चला, पुढे सरका, पुढे सरका." काकी हसायची. आई हसत नसे. ती त्यांच्या उशाशी बसून माडाच्या झापाचे हीर काढत राही, आणि ते जागे झाले की त्यांच्याही हातात सुरी आणि झाप देई. केरसुण्यांसाठी हीर काढण्यासारखं दुसरं शांत काम नाही. पात सोलायची, हीर बाजूला, पात सोलायची, हीर बाजूला. पहिल्या आठवड्यात बाबांचे अर्धे हीर मोडायचे. पुढे मोडेनासे झाले.

सड्यावर ते हळूहळू बोलायला लागले. वयात येण्याच्या आतच ते मुंबईला गेले होते, त्यामुळे निम्मी झाडं त्यांच्या लक्षातून गेली होती. "हे कसलं ग?" ते विचारायचे आणि मी सांगायचे, "कुंभा. आणि तो पांगारा." शाळेत मला कुणी काही विचारलं तरी घाम फुटायचा, पण इथे मी मास्तरीण होते. मग एक दिवस त्यांनीच एका जाळीपुढे थांबून ओंजळभर हिरवी करवंदं काढली आणि म्हणाले, "ह्यांचा ठेचून चट्टा करायची माझी आई." त्या चट्ट्यात मीठ असणार हे दोघांच्याही लक्षात आलं आणि आम्ही दोघंही हसलो. बाबांना असं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी कोयती ते जाळीपाशी विसरले. दुसऱ्या दिवशी मिळाली, पण पुन्हा बरोबर घेतली नाही. विहिरीवर कुणी विचारलं तर म्हणायला लागले, "फिरायला चाललो, लेकीबरोबर."

आणि मग शिमगा आला.

आमच्याकडे पालखी घरोघर येते. खळं सारवलेलं, रांगोळी घातलेली, दारात पाण्याचे हंडे. ढोल लांबून ऐकू यायला लागला की घरातलं माणूसन् माणूस बाहेर येतं. पालखी नुसती येत नाही, ती नाचत येते. चौघे-सहा जण खांद्यावर घेऊन तिला फिरवतात, झुकवतात, पुन्हा उचलतात, आणि जसजसा ढोल चढतो तसतसे पायही चढतात. आमच्या खळ्यात पालखी आली की पुढचा खांदा घरच्या थोरल्याचा, म्हणजे बाबांचा. बाबा पालखी सुंदर नाचवायचे. एरवी अबोल माणूस, पण खांद्यावर देव आला की गावाला त्यांच्याकडे बघत राहावं लागायचं. त्या वर्षी खांदा काकाने द्यायचा हे ठरलं होतं. बाबा नवा सदरा घालून ओटीवर बसले होते.

ऊन तापलेलं होतं. पालखी आली, काका पुढे झाला. तेवढ्यात मुंबईहून आलेल्या बाबांच्या सोबत्यांनी हाका मारायला सुरुवात केली. "अरे, बसलास काय म्हाताऱ्यासारखा? ये! तुझ्याशिवाय रंग नाय पालखीला!" बाबांनी हसून हात हलवला. ढोल वाजतच होता. त्यांच्या पायाचा अंगठा जमिनीवर ठेका धरताना मी पाहिला. मग ते उठले, सदरा काढून आईच्या हातात दिला, कमरेला पंचा बांधला आणि पालखीखाली शिरले. काका काही बोलायच्या आत त्याचा खांदा सुटला होता.

आधी सगळं ठीक होतं. लोक ओरडायला लागले. ढोलवाल्यालाही जोर आला. पालखी एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली. तिसऱ्या फेरीला बाबा माझ्या समोरून गेले तेव्हा त्यांचा चेहरा तांबडालाल झाला होता, तोंड उघडं होतं, आणि डोळे माझ्यावरून गेले पण त्यांनी मला पाहिलं नाही. त्यांचा डावा पाय अडखळला. बाजूच्यांना ती नाचाची लकब वाटली. मी मात्र ते पाय रोज पाहत होते.

"बाबा, नको!" मी ओरडले. "बाबा, सोडा! काका, पकड त्यांना!"

मी इतक्या जोरात ओरडले की ढोलवाल्याचा हात थांबला. पालखी वाटेल तेव्हा खाली ठेवता येत नाही, पण काकाने धावत जाऊन खांदा दिला आणि बाबांना बाहेर काढलं. ते मांडवाचा खांब धरून उभे राहिले. छाती भात्यासारखी हलत होती. मग कुणीतरी म्हणालं, "आता काय, पोरीच्या हुकमात राहतोस?" आणि चार-पाच जण हसले. बाबांनी कुणाकडे पाहिलं नाही. ते सावकाश चालत घरात गेले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आईने देवीची ओटी भरली. बाबांचा सदरा तिच्या काखेत तसाच होता.

त्या दिवशी बाबा माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून दाराशी उभी राहिले तर ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. अख्ख्या गावात ते वाक्य फिरत होतं. मला शाळेतल्या पोरांनी विचारलं, "काय ग, आज कुणाला थांबवलंस?" मी घरी येऊन परसात रडत बसले. काकी पाण्याची कळशी खाली ठेवून माझ्या शेजारी बसली. तिने मला जवळ घेतलं आणि, तिच्या मानाने अगदी हळू आवाजात म्हणाली, "बरा केलास. रडू नको. बरा केलास."

संध्याकाळी मी माजघरात दिवा पुसत होते. आत आई आणि बाबा होते. आई बोलत होती. मी इतकी चकित झाले की हातातली काच तशीच राहिली.

"तिच्यावर कशाला रागावता? तिनं ओरडायला नको होता. मी ओरडायला हवा होता. मला दिसत होता सगळा. तुमचा सदरा हातात घेऊन मी उभी, आणि माझ्या तोंडातनं आवाज निघाला नाय. त्या पोरीचा निघाला म्हणून आज मी कुंकू लावून तुमच्यासमोर उभी हाय."

चटई वाजली, बाबा उठून बसले असावेत. मग त्यांचा आवाज आला. "पेज हाय का थोडी?"

दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या पायाला कुणीतरी हलवलं. बाबा वाकून उभे होते. "वनू, ऊठ. ऊन चढेल."

आम्ही सड्यावर गेलो. कातळावर बसलो. हवा स्वच्छ होती आणि लांबवर समुद्राची एक पातळ रेघ दिसत होती. बाबा तिकडे पाहत म्हणाले, "बसमध्ये पडलो तेव्हा काय कळलाच नाय. पण परवा कळत होता. खांद्यावर देव, आणि पाय उचलत नाय. एवढा मी कधी घाबरलो नव्हतो."

"मग सोडली का नाय?" मी विचारलं.

"लोक काय बोलतील म्हणून." ते हसले, पण हसू पुरतं आलं नाही. "ते काय बोलायचे ते बोललेच. तू ओरडली नसतीस तर मी तसाच नाचत राहिलो असतो ग." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला. पाहुण्यासारखा गालाला लावलेला तो हात नव्हता. घरच्या माणसाचा जडशीळ, उबदार हात होता.

पाडव्याला आईने कडुलिंबाचा पाला, गूळ आणि ओवा वाटून सगळ्यांच्या हातावर ठेवला. त्यात मिठाची कणी घालायची तिची पद्धत होती, ती तिने त्या वर्षी मोडली. आठवडाभराने पुन्हा रत्नागिरीला गेलो. डॉक्टरांनी पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला आणि म्हणाले, "आता कसं माणसात आलात! कामावर जा, पण हे सगळं असंच चालू ठेवायचं. गोळी चुकवायची नाही." एसटीत परत येताना सगळे खुशीत होते. फक्त आई खिडकीबाहेर पाहत गप्प बसली होती.

त्या रात्री जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "मी येते तुमच्याबरोबर."

बाबांना आधी कळलंच नाही. "कुठं?"

"मुंबईला. तिथं तुमचा अळणी कोण करणार? तुमच्या त्या सहा बाप्यांच्या खोलीत एकाचा पेशर कोण बघणार? दोघांपुरती जागा बघा. लहान असली तरी चालेल."

"आणि वनू?"

मीही तेच विचारणार होते. आई माझ्याकडे पाहू शकली नाही. काकी पटकन म्हणाली, "वनू माझ्याजवळ राहील. तिची शाळा इथं हाय. आणि मी काय मेले?" बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. मी उठून ओटीवर गेले. दुसऱ्या दिवशी माझे केस विंचरताना आईने सांगितलं, "तुला टाकून नाय चालले. घर तुझ्यावर सोपवून चालले." मला ते पटलं नाही. आज पटतं, पण तेव्हा मी मान ताठ धरून बसले आणि तिने वेणी घातली तशी घालू दिली.

पुढे काय झालं ते इथेच सांगते. बाबांनी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली, शेवटची वर्षं डेपोतल्या बसून करायच्या कामावर. आई त्यांना रोज सकाळी मैदानाभोवती फिरवायची. मग दोघं गावी परत आली आणि म्हातारी झाली. मी दहावीपर्यंत काकीच्या हाताखाली वाढले. काकी मला माझी आईच झाली असं म्हटलं तर माझ्या आईला वाईट वाटणार नाही, कारण तीच तसं म्हणायची. पालखीला पुढचा खांदा त्यानंतर काकानेच दिला. बाबा ओटीवर बसून टाळ्या वाजवायचे आणि कुणी काही बोललं तर माझ्याकडे बोट दाखवायचे, "आमचा डॉक्टर परवानगी देत नाय."

पण जायच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. आम्ही सगळे रत्नागिरी स्टँडवर सोडायला गेलो होतो. आईने जन्मात रत्नागिरीच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं. ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती, मांडीवर डबा, डब्यात अळणी भाकऱ्या. बाबांनी तिला खिडकीपाशी बसवलं आणि स्वतः बाजूला बसले. मी खाली खिडकीचा गज धरून उभी होते. रडायचं नाही असं ठरवलं होतं. गाडी सुटायची वेळ झाली. एसटीचा कंडक्टर बाकाशी येऊन थांबला. बाबांनी सवयीने त्याच्याकडे पाहून ओळखीचं हसू आणलं आणि तोंड उघडलं.

त्यांच्या आधी आईच बोलली. मोठ्याने, साऱ्या गाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"मुंबई. दोन."

माझी काकीसुद्धा दचकली. बाबा आईकडे बघतच राहिले. आईने मान वळवून खिडकीतून हात बाहेर काढला, माझी बोटं गजासकट घट्ट धरली, आणि गाडी हलेपर्यंत सोडली नाहीत.